पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात खटला कसा चालतो : घटस्फोट, पोटगी आणि मुलांचा ताबा

शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात पहिल्यांदा येणाऱ्या बऱ्याच पक्षकारांची समजूत अशी असते की, घटस्फोटाचा एक अर्ज दाखल केला की घर, पैसा, मुले आणि दागिने या सगळ्यांचा निकाल त्यातच लागेल. तसे घडत नाही. विवाह कायद्याने संपवणे हा एक प्रश्न आहे, पोटगी हा दुसरा, मुले कोणाजवळ राहतील हा तिसरा, राहते घर आणि स्त्रीधन हा चौथा, आणि घरात मारहाण किंवा छळ होत असेल तर तो सर्वांत आधीचा प्रश्न आहे. यांतल्या प्रत्येकासाठी कायद्यात वेगळे कलम आहे, वेगळा अर्ज करावा लागतो आणि काही वेळा न्यायालयही वेगळे असते. शिवाय लढवल्या जाणाऱ्या खटल्यात विवाहविच्छेदाचा हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा अंतिम आदेश, सर्वांत शेवटी येतो. कुटुंबाचे रोजचे जगणे कसे चालेल हे मात्र त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या काही महिन्यांतल्या अंतरिम आदेशांनी ठरून गेलेले असते. म्हणून या लेखात घटस्फोटाच्या कारणांपेक्षा पोटगी आणि मुले यांविषयी अधिक लिहिले आहे.

पुढे जाण्यापूर्वी दोन गोष्टी. घरात जिवाला धोका असेल तर घटस्फोटाच्या अर्जाची तयारी होईपर्यंत थांबू नये. ११२ या आपत्कालीन क्रमांकावर किंवा १८१ या महिला हेल्पलाइनवर मदत मागता येते आणि पुणे पोलिसांच्या भरोसा सेलकडेही तक्रार नेता येते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्या अर्जाची पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत असावी असे हा कायदा सांगतो. त्याच अर्जात संरक्षण, राहण्याचा हक्क, खर्चाची रक्कम आणि मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो.

दुसरी गोष्ट नोटरीसमोर केलेल्या फारकतीची. मुद्रांकपत्रावर दोघांनी सह्या केल्या, दोन साक्षीदार घेतले आणि नोटरीचा शिक्का मारला म्हणजे घटस्फोट झाला, असे मानणारी कुटुंबे शहरातही आहेत आणि जिल्ह्याच्या गावांमध्येही आहेत. ज्या समाजात काडीमोडीची रूढी जुनी व सातत्याची असल्याचे पुराव्याने सिद्ध करता येते, त्यांच्यासाठी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ मध्ये जागा ठेवलेली आहे. पण रूढी सिद्ध करण्याचे ओझे ती सांगणाऱ्यावर असते आणि ते हलके नाही. अशा कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न झाले, तर त्या लग्नाची वैधता आणि त्यातून आलेल्या जोडीदाराचे हक्क पुढे अनेक वर्षे वादात राहू शकतात. इतर सर्वांनी न्यायालयाच्या हुकूमनाम्याशिवाय विवाह संपला असे धरून चालू नये.

कोणता कायदा, कोणते न्यायालय

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू होतो. नोंदणी पद्धतीने, म्हणजे विशेष विवाह कायदा, १९५४ याखाली लग्न झाले असेल तर तोच कायदा लागतो. मुस्लिम पत्नीला १९३९ च्या कायद्याखाली विवाहविच्छेद मागता येतो, आणि पती चार वर्षे बेपत्ता असणे किंवा त्याने दोन वर्षे पालनपोषण न करणे ही त्यातील कारणे आहेत. ख्रिस्ती दांपत्यांसाठी १८६९ चा आणि पारशी दांपत्यांसाठी १९३६ चा स्वतंत्र कायदा आहे. आंबेगाव आणि जुन्नर या तालुक्यांतील महादेव कोळी, ठाकर अशा अनुसूचित जमातींच्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही आणि त्यांचे प्रश्न प्रामुख्याने रूढीच्या आधारे सोडवावे लागतात. येथून पुढे मुख्यतः हिंदू विवाह कायद्याची वाट सांगितली आहे, कारण पुण्यातील बहुतेक अर्ज त्याखालीच येतात.

कौटुंबिक न्यायालये १९८४ च्या कायद्याने स्थापन झाली. पुण्याचे न्यायालय शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या परिसरात आहे. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका एकमेकींना छेदतात त्या जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरून तेथे पायी जाता येते. या न्यायालयाच्या हद्दीबाहेरच्या तालुक्यांतील खटले वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांच्या न्यायालयात चालतात, त्यामुळे आपला पत्ता कोणाच्या हद्दीत येतो हे अर्ज दाखल करण्यापूर्वी विचारून घ्यावे. चुकीच्या हद्दीत दाखल झालेला अर्ज परत घेऊन नव्याने दाखल करण्यात महिने जातात.

पुण्यात अर्ज कधी करता येतो, याचे उत्तर कलम १९ मध्ये आहे. लग्न पुण्यात लागले असेल, पती-पत्नी शेवटचे एकत्र पुण्यात राहिले असतील, ज्याच्याविरुद्ध अर्ज करायचा तो पुण्यात राहत असेल, किंवा अर्ज करणारी पत्नी सध्या पुण्यात राहत असेल, तर येथे अर्ज चालतो. हा शेवटचा पर्याय २००३ च्या दुरुस्तीने आला आणि माहेरी परतलेल्या असंख्य स्त्रियांना त्याचा आधार झाला. हिंजवडीत किंवा खराडीत नोकरी करणाऱ्या पतीने पुण्यात अर्ज केला आणि पत्नी लातूरला माहेरी असेल, तर तिला मुंबई उच्च न्यायालयाकडे खटला लातूरला वर्ग करण्याची विनंती करता येते. दुसरा पक्ष परराज्यात असेल तर तीच विनंती सर्वोच्च न्यायालयाकडे करावी लागते. अशा अर्जांत पत्नीची गैरसोय आणि लहान मुले यांना न्यायालये वजन देतात.

लग्नाला एक वर्ष पूर्ण होण्यापूर्वी घटस्फोटाचा अर्ज साधारणपणे करता येत नाही. असाधारण त्रास असेल तर न्यायालयाची परवानगी मागावी लागते. फसवणुकीने झालेले लग्न रद्द करून घ्यायचे असेल तर हे वर्षाचे बंधन नाही, उलट तेथे घाई करावी लागते, कारण फसवणूक उघड झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज यावा लागतो. परदेशात नोकरीला असलेल्या जोडीदाराने तिकडच्या न्यायालयातून एकतर्फी घटस्फोट आणला तर घाबरून जाऊ नये. दुसरा पक्ष त्या न्यायालयाच्या अधिकाराखाली स्वेच्छेने गेला नसेल आणि घटस्फोटाचे कारण आपल्या विवाह कायद्यात नसेल, तर तो निकाल भारतात बंधनकारक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले आहे.

परस्पर संमतीचा अर्ज

दोघांनाही वेगळे व्हायचे असेल तर कलम १३-ब खालचा संयुक्त अर्ज हा सर्वांत कमी जखमा करणारा मार्ग आहे. त्यासाठी दोघे किमान एक वर्ष वेगळे राहत असले पाहिजेत. वेगळे राहणे म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणे, त्यामुळे एका छताखाली राहूनही ही अट पूर्ण होऊ शकते. अर्ज दाखल झाल्यावर कायदा सहा महिन्यांची मुदत देतो आणि त्यानंतर, अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा येऊन संमती कायम असल्याचे सांगायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले की, ही सहा महिन्यांची मुदत न्यायालय माफ करू शकते. त्यासाठी पहिला संयुक्त अर्ज करण्यापूर्वीच दीड वर्षाचे वेगळेपण झालेले असावे, समेटाचे प्रयत्न निष्फळ ठरलेले असावेत आणि पोटगी, मुलांचा ताबा व इतर वाद खरोखर मिटलेले असावेत. मुदत माफ करण्याचा अर्ज पहिल्या तारखेनंतर एका आठवड्याने करता येतो.

या मार्गाचा सगळा कस संमतीच्या अटी लिहिण्यात लागतो. 'दोघांचे एकमेकांकडे काही देणे-घेणे नाही' असे एक वाक्य लिहून मोकळे झालेली दांपत्ये पुढे पुन्हा न्यायालयात येताना दिसतात. एकरकमी पोटगी किती, ती कोणत्या तारखेला आणि कोणत्या मार्गाने द्यायची, त्यातला किती भाग दुसऱ्या तारखेला न्यायालयातच द्यायचा, दागिने व भांडी कोणत्या दिवशी परत करायची, मुलाच्या शाळेचे शुल्क आणि वैद्यकीय खर्च कोणी उचलायचा, सुट्ट्यांत मूल कुठे राहील, हे सर्व नाव, रक्कम आणि तारखेसह लिहावे. एकमेकांविरुद्ध चालू असलेल्या प्रत्येक खटल्याचा क्रमांक अटींत असावा. पतीवर छळाचा गुन्हा नोंदलेला असेल, म्हणजे जुन्या दंडसंहितेचे कलम ४९८-अ किंवा नव्या न्यायसंहितेचे कलम ८५, तर तो नुसत्या तडजोडीने मिटत नाही. तो रद्द करण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि तेथे पत्नीने संमतीचे शपथपत्र द्यायचे असते. हे शपथपत्र कोणत्या टप्प्यावर दिले जाईल हे आधी ठरले नाही, तर पैसे दिले गेले पण गुन्हा तसाच राहिला, किंवा गुन्हा रद्द झाला पण पैसे आलेच नाहीत, असे दोन्ही प्रकार होतात. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो, हेही ध्यानात ठेवून हप्ते बांधावेत.

पुण्यात आज दोघांच्या नावावर सदनिका आणि दोघांच्या नावावर गृहकर्ज ही जवळजवळ सर्वसाधारण स्थिती झाली आहे. अटींत 'यापुढे हप्ते पती भरेल' असे लिहिले तरी बँक त्या अटींना बांधलेली नसते, आणि हप्ता थकला की वसुलीची नोटीस दोघांनाही येते. म्हणून बँकेने एका कर्जदाराचे नाव लेखी कमी केल्यानंतरच सदनिकेतला हक्क सोडावा. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवून सोसायटीच्या दप्तरात नाव बदलून घ्यावे.

एकाचीच इच्छा असेल तेव्हा

लढवल्या जाणाऱ्या अर्जाला कलम १३ मधले कारण लागते. पुण्यात बहुतेक अर्ज क्रूरता आणि किमान दोन वर्षांचा परित्याग या दोन कारणांवर येतात. व्यभिचार, धर्मांतर, गंभीर मानसिक आजार, सात वर्षे ठावठिकाणा नसणे ही कारणेही कायद्यात आहेत. 'आमचे जमत नाही' किंवा 'नाते संपले आहे' हे मात्र कलम १३ मधले कारण नाही. पूर्णपणे मोडलेला विवाह या आधारावर विच्छेद करण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली स्वतःपुरता मान्य केला. कौटुंबिक न्यायालयाला तो नाही.

क्रूरतेचा पुरावा किती कडक लागतो, याचा देशभर पाळला जाणारा निकष पुण्यातच सुरू झालेल्या एका दांपत्याच्या खटल्यातून आला. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात ठरवले की, फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा येथे लागत नाही आणि घटना घडल्याची शक्यता अधिक वाटणे पुरेसे असते. त्याच निकालात हेही सांगितले गेले की, झाल्या प्रकाराला क्षमा करून दोघे पुन्हा पूर्ववत नांदले तर त्या जुन्या क्रूरतेवर घटस्फोट मिळत नाही, मात्र छळ पुन्हा सुरू झाल्यास ती जुनी तक्रार जिवंत होते. म्हणून अर्जात विशेषणांपेक्षा प्रसंग लिहावेत आणि प्रत्येक प्रसंगाची तारीख, ठिकाण व कोण हजर होते हे सांगावे. सासरच्या प्रत्येक माणसाला आरोपांत ओढल्याने अर्ज भक्कम होत नाही. उलटतपासात त्यातला एक आरोप खोटा ठरला की बाकीच्या खऱ्या आरोपांवरचाही विश्वास कमी होतो.

अर्जासोबत विवाह नोंदणीचा दाखला, नसल्यास लग्नपत्रिका व लग्नाची छायाचित्रे, राहण्याचा पुरावा, ओळखपत्र, मुलांचे जन्मदाखले आणि ज्या कागदांवर भिस्त आहे ते जोडावेत. विवाहाची नोंदणी झालेली नाही म्हणून घटस्फोट अडत नाही. अर्ज मराठीतून करता येतो. तपासणी झाल्यावर त्याला क्रमांक मिळतो, आणि त्या क्रमांकामागचे अक्षर प्रकार सांगते : ए म्हणजे घटस्फोटासारखा वैवाहिक अर्ज, डी म्हणजे मुलांच्या ताब्याचा, ई म्हणजे फौजदारी प्रक्रियेतील पोटगीचा आणि एफ म्हणजे परस्पर संमतीचा. सोबत सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो ई-कोर्ट्स सर्व्हिसेस या अॅपवर टाकला की पुढची तारीख, रोजनामा (त्या दिवशीच्या कामकाजाची नोंद) आणि आदेश घरबसल्या पाहता येतात. वकिलावर विश्वास असला तरी प्रत्येक तारखेनंतर पक्षकाराने हे स्वतः पाहावे.

मग समन्स निघते. ते बेलिफामार्फत आणि टपालाने जाते, आणि पत्ता अपुरा असला की तारखांमागून तारखा केवळ बजावणीसाठी पडत राहतात. समन्स मिळालेल्या व्यक्तीने ते घेण्यास नकार देणे हा स्वतःचेच नुकसान करण्याचा मार्ग आहे, कारण नकारही बजावणीच मानला जाऊ शकतो आणि खटला एकतर्फी चालतो. एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर योग्य कारण दाखवून तो रद्द करण्याचा अर्ज तीस दिवसांत करावा लागतो. हजर झाल्यावर लेखी कैफियत, म्हणजे अर्जाला लेखी उत्तर, तीस दिवसांत, आणि न्यायालयाने मुदत वाढवली तर नव्वद दिवसांपर्यंत, दाखल करायची असते.

कौटुंबिक न्यायालयात वकील देणे हा पक्षकाराचा आपोआप मिळणारा हक्क नाही. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ नुसार त्यासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते आणि व्यवहारात ती मिळते. स्वतः बाजू मांडण्याची मुभा सर्वांना आहे. संमतीच्या साध्या अर्जात ते जमू शकते, पण उलटतपास असलेल्या खटल्यात वकील घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. पैशाअभावी कोणी मागे राहू नये यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न कितीही असले तरी तेथून मोफत वकील मिळतो, आणि १५१०० हा त्यासाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. महाराष्ट्रात घटस्फोट, पोटगी, मालमत्तेचा वाद आणि हिंसाचार या प्रकरणांत स्त्री पक्षकाराला १९९४ पासून न्यायालयीन शुल्कही माफ आहे. हे अनेकींना कोणी सांगतच नाही.

दोन्ही पक्ष हजर झाले की प्रकरण विवाह समुपदेशकाकडे जाते. हा टप्पा उरकून टाकण्याचा नाही. समेट घडवण्याचा प्रयत्न करणे हे कायद्याने न्यायालयाचे कर्तव्यच आहे, पण समेट म्हणजे पुन्हा एकत्र नांदणेच असे नाही. शांतपणे वेगळे होण्याच्या अटीही येथेच ठरू शकतात. तेथे झालेले बोलणे गोपनीय मानले जाते, म्हणून आई-वडील आणि वकील यांच्या अनुपस्थितीत मन मोकळे करण्याची ही दुर्मीळ जागा आहे. छळ सोसलेल्या व्यक्तीने मात्र समोरासमोर बसण्याची भीती वाटत असल्यास तसे समुपदेशकाला आधी सांगावे. तडजोड नाकारणे हा गुन्हा नाही.

तडजोड झाली नाही तर न्यायालय वादाचे मुद्दे काढते, पुराव्याचे शपथपत्र येते, उलटतपास होतो, युक्तिवाद होतो आणि निकाल लागतो. कायद्याने सहा महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न अपेक्षित आहे, पण लढवला गेलेला खटला कित्येक वर्षे चालतो हे वास्तव धरूनच घरखर्चाची आणि मुलांची व्यवस्था लावावी. फोनवरील संदेश आणि ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून द्यायचे असेल तर मूळ फोन जपून ठेवावा आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडावे. जोडीदाराच्या नकळत केलेले ध्वनिमुद्रणही वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले. त्याचा अर्थ घरात पाळत ठेवावी असा कोणी घेऊ नये.

पोटगी

पोटगी मागण्याच्या वाटा अनेक आहेत. खटला चालू असेपर्यंतची अंतरिम पोटगी आणि खटल्याचा खर्च कलम २४ खाली मिळतो, निकालाच्या वेळची कायमची पोटगी कलम २५ खाली मिळते, आणि या दोन्ही कलमांखाली गरजू पतीलाही मागणी करता येते. पत्नी, मुले आणि आई-वडील यांच्यासाठीची जी वाट पूर्वी कलम १२५ म्हणून सर्वांना ठाऊक होती, ती १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे, आणि तिला धर्माचे बंधन नाही. त्यासाठी घटस्फोटाचा अर्ज केलेलाच असावा असेही नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विषयाला शिस्त लावली. तेव्हापासून दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देणी यांचे सविस्तर शपथपत्र द्यावे लागते, आणि अंतरिम पोटगीचा आकडा जवळजवळ सर्वस्वी त्यावर ठरतो. पगारपत्रके, आयकर विवरणपत्रे, बँकेची खाती, गुंतवणूक, कर्जे, अवलंबून असलेली माणसे आणि महिन्याचा खर्च हे सर्व त्यात लिहायचे असते. हे शपथपत्र कारकुनी कागद समजून घाईत भरणारे पक्षकार आपल्या खटल्याचे जितके नुकसान करतात, तितके विरुद्ध पक्षाचा वकीलही करू शकत नाही. महिन्याचा खर्च अंदाजाने लिहू नये. घरभाडे, शाळा, औषधे, वीज आणि किराणा यांची बिले एकत्र करून मगच आकडे लिहावेत. पतीने भविष्यनिधीत ऐच्छिक जादा रक्कम भरून किंवा नवे कर्ज काढून हातात येणारा पगार कमी दाखवला, तर न्यायालये साधारणपणे ती वजावट मान्य करत नाहीत. पत्नीने नोकरी लपवली तर तेही बँक खात्यावरून उघड होते. खोट्या शपथपत्राबद्दल कारवाई होऊ शकते.

पगाराच्या एक चतुर्थांश पोटगी मिळतेच, असा समज पसरलेला आहे. तो आकडा २०१७ च्या एका निकालात त्या प्रकरणापुरता आला होता आणि त्याचा नियम झालेला नाही. न्यायालय दोघांचे उत्पन्न, राहणीमान, शिक्षण, मुलांची गरज आणि लग्नासाठी सोडलेली नोकरी या सर्वांचा विचार करते. पत्नी शिकलेली आहे किंवा थोडे कमावते, एवढ्यावरून तिचा हक्क संपत नाही. पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू होते, म्हणून अर्ज करण्यात केलेली दिरंगाई थेट पैशात मोजावी लागते. दोन ठिकाणी पोटगी मागितली असेल तर आधीच्या आदेशाची माहिती देणे बंधनकारक आहे, आणि एका आदेशातली रक्कम दुसऱ्यात वळती होते.

आदेश झाला पण पैसे येत नाहीत, ही तक्रार फार ऐकू येते. कलम १४४ खालच्या रकमेसाठी वसुलीचा अर्ज थकबाकी देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. वर्ष उलटले की वॉरंटचा हा प्रभावी मार्ग त्या महिन्यांपुरता बंद होतो. न भरलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंतचा कारावास होऊ शकतो, आणि तुरुंगात गेल्याने देणे फिटत नाही. दिवाणी आदेशाची वसुली दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करून, पगार किंवा मालमत्ता जप्त करून होते.

मुले

या न्यायालयातले सर्वांत नाजूक काम हे आहे, आणि ते सर्वांत वाईट रीतीने लढवले जाते. हिंदू अल्पवयीनत्व व पालकत्व कायदा, १९५६ सांगतो की, पाच वर्षांखालचे मूल साधारणपणे आईजवळ असावे, आणि प्रत्येक निर्णयात मुलाचे कल्याण सर्वोपरी असावे. आई अधिक कमावते की वडील, हा त्यातला एक छोटासा भाग आहे. शाळेत कोण पोहोचवते, आजारपणात कोण जागते, गृहपाठ कोण घेते, मुलाच्या डॉक्टरांचे नाव कोणाला ठाऊक आहे, यांतून न्यायालयाला चित्र दिसते. समज आलेल्या मुलाशी न्यायाधीश आपल्या दालनात एकट्याने बोलू शकतात आणि त्याच्या इच्छेला वजन देतात, पण ती इच्छा पढवलेली आहे का हेही पाहतात. मुलाला उत्तरे पाठ करून आणू नये. हे त्याच्यावर क्रौर्य आहे, आणि अनुभवी न्यायाधीशांच्या ते बहुधा लक्षात येते.

ज्याच्याकडे मूल नाही त्याने भेटीच्या हक्कासाठी ताबडतोब अंतरिम अर्ज करावा, कारण महिनोन्महिने भेट न झालेले मूल परके होत जाते आणि नंतर तोच दुरावा भेट नाकारण्याचे कारण म्हणून पुढे केला जातो. सुरुवातीला भेटी न्यायालयातल्या मुलांच्या कक्षात ठेवल्या जाऊ शकतात. त्या सुरळीत झाल्या की बाहेर, मग रात्रीच्या मुक्कामासह, आणि मग दिवाळी व उन्हाळी सुट्ट्यांची वाटणी अशा पायऱ्या मागता येतात. अर्जात 'योग्य वेळी भेट मिळावी' असे न लिहिता वार, वेळ, कोण आणून सोडेल, परगावी असताना व्हिडिओ कॉल कधी, गणपतीत मूल कोणत्या घरी, हे लिहावे. पोटगी थकली म्हणून भेट अडवू नये आणि भेट अडली म्हणून पोटगी थांबवू नये. या दोन स्वतंत्र आदेशांची सांगड घालणारा पालक दोन्हीकडे हरतो. ताब्याचा कोणताही आदेश कायमचा नसतो, त्यामुळे परिस्थिती बदलली की तो बदलून मागता येतो.

घर आणि स्त्रीधन

स्त्रीधनावर पूर्ण हक्क पत्नीचा आहे. त्याची यादी लग्नातली छायाचित्रे आणि सराफांच्या पावत्या यांच्या आधारे करावी. लॉकर कोणाच्या नावावर आहे हे आधी पाहावे. सासूसासऱ्यांच्या नावावरचे घरही पत्नीचे सामायिक निवासस्थान ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितले, पण तो तेथे राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही.

निकालानंतर

हिंदू विवाह कायद्याखालच्या निकालावर मुंबई उच्च न्यायालयात नव्वद दिवसांत अपील करता येते. कौटुंबिक न्यायालय कायद्यात तीस दिवस लिहिलेले असल्याने पूर्वी गोंधळ होता, तो उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्ये दूर केला. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या कोल्हापूरच्या फिरत्या खंडपीठाकडे (सर्किट बेंच) पुणे जिल्हा दिलेला नाही, त्यामुळे पुण्याची अपिले मुंबईलाच जातात. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील चालत नाही. लढवलेल्या खटल्यात अपिलाची मुदत संपेपर्यंत, आणि अपील झाले असेल तर ते फेटाळले जाईपर्यंत, दुसरे लग्न करू नये.

निकालाच्या दिवशीच नक्कल विभागात हुकूमनामा आणि संमतीच्या अटी या दोन्हींच्या प्रमाणित प्रतींसाठी अर्ज करावा. पारपत्र, शाळेचा दाखला, बँक आणि सोसायटी यांना साधी छायाप्रत चालत नाही. भविष्यनिधी, विमा, मुदत ठेवी आणि डिमॅट खात्यांवरचे नामनिर्देशन हुकूमनाम्याने आपोआप बदलत नाही, आणि मृत्यूनंतर रक्कम प्रथम जुन्या नामनिर्देशित व्यक्तीच्याच हाती पडू शकते. म्हणून प्रमाणित प्रत मिळाली की त्याच आठवड्यात हे सर्व अर्ज भरून पोच घ्यावी.